पाच मैलांवर माहेर

लेकीचं चार बेडरूमचं घर पाच मैलांवर असताना आईबाप गाडीत का झोपतात, हे पुण्याला फोनवरून पटवून देणं कठीण आहे. माझ्या वहिनीने तर आडपडदा न ठेवता विचारलं, "जावयाशी काही बिनसलंय का गं?" मावसबहिणीला वाटलं, आम्ही अजून जुनं पाळतो. आमचे आजोबा आत्याच्या घरी पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. तिला मूल होईपर्यंत ओटीवर बसायचे, दोन शब्द बोलायचे आणि उठायचे. मी म्हटलं, बाई गं, तसलं काही नाही. लेकीच्या घरी पाणीच काय, तिच्या फ्रीजमधला आंब्याचा रसही मी संपवून आलेय.

आम्ही मिशिगनमध्ये राहतो, डेट्रॉइटच्या एका उपनगरात, 1978 पासून. हे मोटारींच्या धंद्यात इंजिनियर होते. दोन्ही मुलं मात्र शिकून कोलोरॅडोत जाऊन बसली. लेक डेन्व्हरच्या दक्षिणेला सेंटेनियलमध्ये, मुलगा उत्तरेला फोर्ट कॉलिन्समध्ये. निवृत्तीनंतर बरीच वर्षं आम्ही विमानाने जायचो आणि लेकीच्या गेस्ट रूममध्ये राहायचो. खोली सुंदर. पलंगावर कोऱ्या चादरी, उशाला पाण्याची बाटली, माझ्यासाठी मुद्दाम इंडियन स्टोअरमधून आणलेली चहापूड. आणि या सगळ्यापायी लेक दमलेली.

तिचा दोष नव्हता, आमचाही नव्हता. आम्ही आलो की ती घराचं तापमान आमच्यासाठी वाढवायची. मग जावई थंडीच्या दिवसांत अर्ध्या चड्डीत फिरायचा. मी तिच्या आधी उठून ओटा आवरून ठेवायची, मग तिला तिचा मोजायचा कप सापडायचा नाही. ह्यांना पहाटे पाचला जाग येणार, आणि लाकडी जिन्याची तिसरी पायरी कुरकुरणार. नातवंडांनी जेवताना टॅब्लेट बघावा की नाही, यावर माझं मत मी गिळायची, आणि मी गिळलंय हे लेकीला दिसायचं. कुणी कुणाला काही बोलत नव्हतं. बोललं असतं तर बरं झालं असतं.

यातून वाट दाखवली ती व्याह्यांनी. जावई नेब्रास्काचा. त्याचे आईवडील प्लॅट नदीच्या बाजूला शेती करायचे. आता जमीन कसायला दिलीये आणि पिकअप ट्रकला जोडायचं भलंथोरलं फिफ्थ व्हील, म्हणजे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, घेऊन वर्षातले कितीतरी महिने रस्त्यावर असतात. नातवंडांना भेटायला येतात ते त्यातूनच. येतात, कॅम्पग्राउंडवर उतरतात, दुपारी मुलांना घेऊन जातात, रात्री परत आणून सोडतात. लग्नाला पुण्याहून आलेल्या आमच्या मंडळींना ते फार कोरडे वाटले होते. विहीणबाईंना मी एकदा विचारलंच, सुनेच्या घरी का नाही उतरत? त्यांना प्रश्नच कळला नाही. आपला कॉफीचा डबा आपल्या हाताशी असतो, एवढंच म्हणाल्या.

अमेरिकेत हे काही नवं नाही. केओए या कॅम्पग्राउंडच्या साखळीची पिवळी पाटी ज्यांनी हायवेवर पाहिलीये, त्यांना सांगते, तिची सुरुवात 1962 साली मोन्टानातल्या बिलिंग्ज गावी झाली. सिएटलला त्या वर्षी जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिकडे निघालेली कुटुंबं वाटेत यलोस्टोन नदीकाठी मुक्कामाला जागा शोधत होती, त्यांच्यासाठी एकाने आपल्या जमिनीवर पाण्याची आणि अंघोळीची सोय केली, त्यातून हा व्याप वाढला. व्याही तिथले जुने मेंबर. शिवाय त्यांच्याकडे सीनियर पास आहे. बासष्ट वर्षं पूर्ण झालेल्या नागरिकाला किंवा ग्रीन कार्डवाल्याला हा जन्मभराचा पास मिळतो, राष्ट्रीय उद्यानांत प्रवेश फुकट, आणि केंद्र सरकारच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडवर अर्धं भाडं. त्यांनी तो 10 डॉलरमध्ये काढला होता. 2017 मध्ये किंमत 80 झाली, आणि आम्ही काढला तो त्यानंतर. विहीणबाई हा विषय दर भेटीत एकदा काढतातच.

तर आम्हीही एक आरव्ही घेतली, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी. वापरलेली, क्लास सी, म्हणजे ट्रकच्या केबिनवर पुढे आलेलं कपाळ असतं तसली. त्या कपाळात एक बिछाना. मागे आमची झोपायची जागा, मधे दोन शेगड्या, बेसिन, फ्रीज, जेवायचं टेबल, आणि उभं राहून वळताना कोपर लागेल एवढी न्हाणी. लांबी पंचवीस फूट. लेकीचा पहिला विचार असा की ती तिच्या ड्राइव्हवेवर लावावी. नातलगांच्या दारात गाडी लावून त्यांच्या विजेवर राहणाऱ्यांना आरव्हीवाले मूचडॉकर म्हणतात. फुकटे. पण तिच्या वसाहतीचा नियम आड आला. तिथे दारात आरव्ही सामान चढवण्या-उतरवण्यापुरतीच उभी करता येते, नंतर पत्र येतं. समोरच्यांच्या गवताची उंचीसुद्धा ज्या वसाहतीत मोजतात, तिथे आमचं धूड कोण खपवून घेणार? मला मनातून हायसं वाटलं.

चेरी क्रीक स्टेट पार्क सापडलं ते असं. नावावरून डोंगर-दऱ्या डोळ्यांपुढे आल्या असतील तर ते काढून टाका. रॉकी पर्वत पश्चिमेला निळसर रेघेत दिसतो तेवढाच. बाकी चहूकडे शहर: एका बाजूला इंटरस्टेट 225, दुसरीकडे पार्कर रोड, आणि मधोमध एक मोठा तलाव, गवताळ माळ, कॉटनवुडची झाडं. कोलोरॅडोतलं हे पहिलं स्टेट पार्क, 1959 सालचं. आरक्षण सहा महिने आधी उघडतं आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार बघता बघता जातात. एका वेळी चौदा रात्रींच्या वर मुक्काम करू देत नाहीत. हा नियम मला मनापासून आवडतो. आईबापांच्या मुक्कामालाही असा छापील नियम असता तर कितीतरी घरांत शांतता नांदली असती.

फाटकाच्या आत वळलो तेव्हा कॅम्प होस्ट बाई गोल्फ कार्टमधून आल्या. होस्ट म्हणजे बहुतेक ठिकाणी निवृत्त जोडपं असतं. साइट फुकट मिळते, बदल्यात पाहुण्यांवर लक्ष ठेवायचं, चुली साफ करायच्या. आमची मिशिगनची नंबरप्लेट बघून त्यांनी नमस्कार-चमत्काराच्याही आधी विचारलं, "जळाऊ लाकूड आणलंय का?" आणलं नव्हतं. ॲश झाडं पोखरणारा हिरवा किडा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो 2002 मध्ये, आमच्याच डेट्रॉइटजवळ. आशियातून आलेल्या मालाच्या लाकडी खोक्यांतून तो आला असावा असं मानतात. पुढे लोकांच्या सरपणातून गावोगाव पोचला. आमच्या गल्लीतले सगळे ॲश त्यात गेले, शाळेच्या बसची वाट बघत मुलं ज्याच्याखाली उभी राहायची तोसुद्धा. 2013 मध्ये किडा कोलोरॅडोत बोल्डरला सापडला. बाई गेल्यावर हे म्हणाले, "आपणही बाहेरून आलेलेच, पण आपल्याला निदान मुलाखतीला तरी बोलावलं होतं."

गाडी साइटवर लावणं हा ह्यांचा सोहळा. आधी डॅशबोर्डवरच्या, पातळी दाखवणाऱ्या नळीतला बुडबुडा बघायचा. मग खालच्या बाजूच्या चाकांखाली पिवळे प्लास्टिकचे ठोकळे रचायचे. मी बाहेर उभी राहून हात करायचे, "या, या, या, बस्स!" गाडी सपाट नसेल तर फ्रीज नीट चालत नाही आणि रात्रभर दोघं एका कुशीवर घरंगळतो. मग खांबावरच्या विजेच्या पेटीला जाड वायर, नळाला पांढरा पाइप. तो पांढराच हवा, पिण्याच्या पाण्याचा. बागेतला हिरवा पाइप आणलात तर चहाला रबराचा वास येतो.

राहिला तिसरा पाइप, सांडपाण्याचा. गाडीच्या पोटात दोन टाक्या असतात. संडासाची ती काळी, बेसिन आणि न्हाणीची ती करडी. साइटवर जमिनीत झाकणाचं भोक असतं, त्याला अकॉर्डियनच्या भात्यासारखा पाइप जोडायचा. काळ्या टाकीचा दांडा एरवी बंदच ठेवायचा, ती भरत आली की एकदम मोकळी करायची, आणि तिच्यामागून करडी सोडायची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. आरव्हीच्या जगात हे काम पुरुषांचं, असा अलिखित दंडक आहे. मी आजूबाजूला पाहिलंय, टेक्सासचा असो की ओहायोचा, निळे रबरी हातमोजे घालून वाकलेला असतो तो नवराच. आमच्या ह्यांनी पुण्यातल्या वाड्यात किंवा मिशिगनच्या घरात कधी संडास घासल्याचं मला आठवत नाही. आता काळी टाकी दोन-तृतीयांश भरली की हे मला न सांगता मोजे चढवतात. अमेरिकेने आमच्या घरात घडवलेल्या समाजसुधारणांत ही मी पहिल्या नंबरावर धरते.

स्वयंपाकाचं गणित वेगळंच. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच, हे पार्क त्याहूनही थोडं वर. इथे पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं. डाळ उघड्या पातेल्यात टाकलीत तर संध्याकाळपर्यंत दातांखाली येत राहते. म्हणून मी तीन लिटरचा भारतातला कुकर नेते, गॅसवर लावते, आणि शिट्टी झाली की पलीकडच्या साइटवरचा कुत्रा उठून उभा राहतो. विजेचंही तसंच जपून. आमची गाडी तीस अँपियरची, म्हणजे सगळं मिळून 3,600 वॅट. एसी चालू, त्यात मायक्रोवेव्ह, त्यात कुणी विजेची किटली लावली की सगळं गप्प. मग हे पेटीकडे जाणार आणि खटका वर करताना मोठ्याने विचारणार, "कोणी लावली?" गाडीत आम्ही दोघंच असतो.

शनिवार-रविवारी कॅम्पग्राउंड बोटी, सायकली आणि तरुण मुलांनी भरून जायचं. मधल्या वारी मात्र तिथली वस्ती वेगळी असायची, हे दोन-चार दिवसांनी लक्षात आलं. दुपारी चारच्या सुमारास एकेक साध्या मोटारी आत यायला लागायच्या. मागच्या सीटवर बूस्टर सीट. दार उघडलं की एखादं पोर धावत कुठल्याशा ट्रेलरकडे सुटायचं, आणि त्या ट्रेलरच्या पायरीवर एक पांढऱ्या केसांची बाई उभी असायची. दोन साइट सोडून कॅन्ससची. समोर टेक्सासचे, सुनेच्या बाळंतपणासाठी आलेले. कोपऱ्यावरच्या एकट्या गृहस्थांचा नातू ऑरोरातल्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये होता. ते सकाळी निघायचे आणि रात्री अंधार पडल्यावर यायचे. त्यांच्या दाराशी कुणी ना कुणी झाकलेलं ताट ठेवायचं. मी एकदा भाजणीची थालीपिठं ठेवली. दुसऱ्या दिवशी ताट धुऊन परत आलं, त्यात चार पीच. कोण पर्यटक तिथे येणार? पर्यटक डोंगरातल्या एस्टेस पार्कला जातात. शहराच्या पोटातलं हे कॅम्पग्राउंड आजी-आजोबांनी व्यापलं होतं.

लेक यायची साडेपाचला, ऑफिसातून परस्पर. तिच्या मोटारीच्या नोंदणीबरोबरच काढलेला कोलोरॅडोचा उद्यानांचा पास होता, त्यामुळे फाटकावर रोजची पावती फाडावी लागायची नाही. आली की चपला पायरीखाली काढायची आणि जेवायच्या टेबलाच्या बाकावर आडवी व्हायची. अंगावर ऑफिसचे कपडे, गळ्यात ओळखपत्र तसंच. मी चहा तिच्या हातात द्यायची. ती उठायची नाही. "आई, खायला काय आहे?" हे वाक्य मी तिच्या तोंडून कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. तिच्या घरी ती मला विचारते, "आई, तुला काय करू?"

मला जे वहिनीला फोनवर सांगता आलं नाही ते हेच. आम्ही तिच्याकडे उतरलो की ती यजमानीण होते. कितीही लाडकी लेक असली तरी ओटा तिचा, फ्रीज तिचा, उद्याच्या डब्याची काळजी तिची. आपण माहेरपणाला आईकडे जातो तेव्हा तिथे आपलं काही नसतं, म्हणूनच पाय पसरता येतात. माझी लेक मिशिगनला येते ती मुलांच्या सुट्टीत, सामानासकट, नवऱ्यासकट, परतीची तिकिटं हातात घेऊन. त्यात कसलं माहेरपण! मला स्वतःला तर चार-पाच वर्षांतून एकदा मिळायचं, ते निम्मं जेट लॅगमध्ये जायचं, आणि उरलेलं नारायण पेठेतल्या नातलगांकडे चहाला जाण्यात. इथे मात्र एका कोऱ्या मंगळवारी, काही कारण नसताना, माझी लेक आईकडे आली होती. मुगाची खिचडी खाल्ली, वर तूप मागून घेतलं, तिच्या साहेबाची तासभर निंदा केली आणि टेबलावर डोकं ठेवून झोपली. तिची ताटली विसळायला ती उठली नाही आणि मी तिला उठू दिलं नाही. आठ वाजता जावयाचा फोन आला, मुलांचं जेवण झालं, सावकाश ये.

आता कुणी म्हणेल, हे सगळं तिच्या घरीही करता आलं असतं. नसतं आलं. माझ्या हातात माझा ओटा नसता.

नातवंडांची गोष्ट सोपी होती. दहा वर्षांची नात आणि सहा वर्षांचा नातू, दोघांत त्या कपाळातल्या बिछान्यावरून भांडण. अखेर आळीपाळीने एकेकाने राहायचं ठरलं. नात झोपायला यायची ती आपली उशी घेऊन, आणि आत चढली की पडदा लावून घ्यायची. "हे माझं अपार्टमेंट आहे," असं इंग्रजीत सांगायची. ती इंग्रजीत विचारते, मी मराठीत उत्तर देते, दोघींचं काही अडत नाही. संध्याकाळी आम्ही माळावर प्रेअरी डॉग बघायला जायचो. नावात डॉग असलं तरी हे खारीच्या कुळातले. बिळाच्या तोंडाशी मातीचा उंचवटा करून त्यावर दोन पायांवर उभे राहतात आणि माणूस दिसला की अंग झटकून ओरडतात. पाट्या लावलेल्या असतात, जवळ जाऊ नका, यांच्या पिसवांतून प्लेग होऊ शकतो. प्लेग शब्द वाचून माझ्यातली पुणेकरीण सावध झाली आणि मी नातवाचा हात घट्ट धरला. नातीने शाळेत वाचलेलं सांगितलं, ॲरिझोनातल्या एका शास्त्रज्ञाचं म्हणणं आहे की यांच्या ओरडण्यात येणाऱ्याच्या कपड्यांचा रंगसुद्धा असतो. मी पिवळा पंजाबी ड्रेस घालून उभी. ती म्हणाली, आजी, आता ते सगळे तुझ्याबद्दल बोलतायत.

एका दुपारी आभाळ भरून आलं. या भागात उन्हाळ्यात हे नेहमीचं. सकाळी निळं आकाश, दोन-तीनला डोंगरावरून काळे ढग उतरतात, तासाभरात खेळ खल्लास. पण गारांचं भय असतं. 8 मे 2017 च्या गारपिटीने डेन्व्हरच्या पश्चिमेचा एक आख्खा मॉल कित्येक महिने बंद पडला होता. ह्यांनी बाहेरची कापडी कनात घाईघाईने गुंडाळली, छपरावरच्या खिडक्या लावल्या, तेवढ्यात सुरू झालं. गारा वाटाण्याएवढ्याच होत्या, पण त्या छपराखाली एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. मग वीज गेली. नातू माझ्या मांडीवर. नात पडद्याआडून खाली उतरली आणि तिने विचारलं, तलाव भरून वाहिला तर?

आजोबांनी सांगितलं, आपण धरणाच्या वरच्या अंगाला आहोत, खाली डेन्व्हर आहे. हे धरण लष्कराच्या इंजिनियर लोकांनी 1950 मध्ये पुरं केलं, तेच मुळी पूर अडवायला. तेव्हा नात म्हणाली, मला माहितीये, कॅसलवुडचं धरण फुटलं होतं. ती तिथे जाऊन आली होती, दगडी भिंतीचे अवशेष पाहून. तिने ती गोष्ट अगदी तपशिलात सांगितली. याच चेरी क्रीकवर, इथून वरच्या बाजूला, 1890 मध्ये बांधलेलं धरण. 3 ऑगस्ट 1933 ला मध्यरात्रीनंतर पावसाने ते फुटलं. राखणदाराने फोन गाठून कळवलं, आणि पार्करच्या टेलिफोन ऑपरेटर बाईने रात्री घरोघर फोन लावून खालच्या लोकांना उठवलं. पाणी सकाळी डेन्व्हरमध्ये शिरलं, पूल वाहून गेले, पण माणसं गेली ती दोन. पार्कर म्हणजे तिची पोहण्याची टीम सराव करते ते गाव, त्यामुळे त्या ऑपरेटर बाईवर तिचा विशेष जीव.

मी म्हटलं, आमचंही फुटलं होतं.

आमचं म्हणजे पानशेत. 12 जुलै 1961. मी सहा वर्षांची, नातवाएवढी. मुलांना हे नवंच होतं. लेकीलासुद्धा मी कधी नीट सांगितलं नव्हतं, कारण कधी प्रसंगच आला नाही. गाडीत अंधार, वर गारा, जायला कुठे जागा नाही. मग सांगितलं. आमच्याकडे फोन नव्हता, कुणी उठवलं नाही, उठायची वेळही नव्हती, सकाळ होती. रस्त्यावरून लोक ओरडत धावायला लागले, पाणी आलं, पाणी आलं. पानशेतचं पाणी खडकवासल्यात आलं आणि तेही धरण गेलं. वडिलांनी मला खांद्यावर घेतलं आणि सगळे पर्वतीकडे निघालो. आईच्या हातात दुधाचं पातेलं. दूध तापत होतं, घर सोडताना तिने तेच उचललं. ना दागिने, ना कागदपत्रं. चटके बसू नयेत म्हणून पदरात धरलेलं ते पातेलं तिने पर्वतीच्या पायथ्यापर्यंत नेलं.

"सांडलं का?" नातवाने मराठीत विचारलं.

थोडं सांडलं. उरलेलं वर चढून आलेल्या कुणाच्या तरी बाळाला दिलं. संध्याकाळी पाणी ओसरलं. आमच्या वाड्याची मागची भिंत बसली होती आणि खोल्यांत गुडघाभर चिखल. पुढे कितीतरी दिवस नळाला पाणी नव्हतं, कारण पाणी पुरवणारं धरणच राहिलं नव्हतं. घरात त्या चिखलाचा वास दिवाळीपर्यंत होता. वडील भिंतीवर पाण्याची रेघ पुसू द्यायचे नाहीत.

नातीने जरा विचार केला. मग विचारलं, पानशेतचं धरण कशाचं होतं? मातीचं. आणि हे? आजोबा म्हणाले, हेही मातीचंच. मग त्यांना पेन्सिल घेऊन कागदी रुमालावर धरणाचा छेद काढावा लागला, मातीचे थर, पाणी बाहेर काढायच्या वाटा, सगळं. वीज आली तरी तो रुमाल चालूच होता. लेक त्या दिवशी भिजत आली, दारातच थबकली. तिची मुलं पुण्याच्या नळांबद्दल प्रश्न विचारत होती.

शनिवारी मुलगा आणि सून बाळाला घेऊन आले. त्याने शेजारी तंबू ठोकला, रात्री बाळ रडलं, सगळे जागे. सकाळी पोहे. एका साइटवर किती माणसं चालतात याची होस्ट बाईंनी गोल्फ कार्टमधून मोजदाद केली आणि जावयाने हसून दोन मुलांना मोटारीत भरून घरी नेलं. मुलाचा विषय लेकीइतका रंगत नाही, याबद्दल तो माझ्यावर नेहमी रुसतो. त्याला म्हटलं, तू मुळातच माझ्या स्वयंपाकघरात कधी पाहुणा नव्हतास, डबे उघडूनच मोठा झालास.

निघायच्या सकाळी नात मुद्दाम लवकर आली होती. तिला काळी टाकी मोकळी करताना बघायचं होतं. ह्यांनी तिला तिच्या मापाचे नसलेले निळे मोजे दिले आणि तोंडी परीक्षा घेतली: आधी कुठली? काळी. मग? करडी. का? ते तिला बरोबर आलं. दांडा तिनेच ओढला, नाक धरून. दुपारी बाराच्या आत साइट सोडायची असते. मी आत भांडी टॉवेलांत गुंडाळत होते, आणि लेक टेबलाशी बसून फोनवर पुढच्या उन्हाळ्याच्या तारखा बघत होती, कारण सहा महिने आधी सकाळी ठरल्या वेळी बसलं नाही तर साइट हाती लागत नाही.

"आई, या वेळी शेजारी-शेजारी दोन घेऊ या का?" तिने विचारलं. "आम्हीही तंबू घेऊन येतो. रात्रीसुद्धा इथेच राहू."

"नको," मी म्हटलं. "तुम्ही रात्री आपल्या घरी जायचं."

तिला जरा लागलं असावं, पण हसली. फोनवर एकाच साइटवर खूण केली. मग म्हणाली, ती नळाजवळची घेते, आणि ह्यांनी बाहेरून ओरडून सांगितलं, नळाजवळची नको, तिथे उतार आहे.